झरेसाहेबांच्या खिडक्या

मानवत रोडला उतरून त्यानं गाव विचारलं
तर हमाल म्हणाला, गाव इथं नाही, साहेब,
अडीच कोस आत आहे. इथं नुसतं नाव.
बैलगाडीत तो वाटभर हसत होता म्हणे,
बिबा उतल्यासारखा लाल,
मांडीवर कापडात गुंडाळलेली टी-पट्टी,
तान्हं मूल धरावं तशी.

लुदोमिर झारेंबा. हजेरीपटावर झरे.
तालेवार कारकून म्हणाला, रकान्यात एवढंच मावतं.

पोलंड कुठं आलं, साहेब?
दस्तगीर मिस्त्रीनं, म्हणजे माझ्या अब्बानं, विचारलं.
त्यानं चुनाघाणीजवळ काठीनं मातीत आपलं गाव काढलं,
गावाच्या पूर्वेला एक रेघ मारली,
पायानं पुसली,
आणि तीच रेघ पश्चिमेला मारली.
गाव जागेवरच होतं.
अब्बा म्हणाले, आमचंबी तसंच झालं, तीन सालाखाली.
कचेरी तीच, खुर्ची तीच, भिंतीवरली तसबीर तेवढी बदलली.

पहिल्या नकाशात छप्पर उभं होतं,
डोक्यावर पोत्याची खोळ घेतल्यागत.
असं कशाला?
बर्फ घसरून जावा म्हणून.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग नामा बिगारी म्हणाला, जिनिंगातला रुवा उडतो, तसा का?
साहेब म्हणाला, नाही,
आणि वजनाचा आकडा सांगितला,
चौरस मीटरला इतके किलो, एका रात्रीत.
दुसऱ्या दिवशी त्यानं छप्पर रबरानं खोडलं.
कागद तिथं झिजलाय,
उजेडाकडं धरला की अजून कळतं.

दवाखाना बाळंतिणींचा.
खिडक्या ठरवायच्या दिवशी तो जोत्यावर उताणा झोपला,
कोटासकट,
आणि म्हणाला, मिस्त्री, पट्टी धर. डोळ्यापासून वर किती, खाली किती.
मग उठून कोट झटकला. माझं माप काय कामाचं?

दुपारच्या सुट्टीत सत्यभामा, खैरुन आणि पाटीवाली सोना
विटांच्या सावलीत आडव्या झाल्या,
पदर तोंडात कोंबून हसत.
साहेब लांब, पाठमोरा.
मापं अम्मीनं घेतली, आकडे ओरडून सांगितले,
त्यानं ते तसेच पाठमोऱ्यानं लिहिले
आणि वर खाटेची उंची मिळवली.

म्हणून त्या खिडक्या गुडघ्यापाशीच सुरू होतात.
उभ्या माणसाला वाटतं, काहीतरी चुकलंय.

मी तिसऱ्या खोलीत जन्मले.
वेणा देताना अम्मीला समोर लिंब दिसत होता,
असं ती सांगायची.
लिंब तेव्हा हातभर होता, हेही तीच सांगायची.

अठ्ठावनच्या उन्हाळ्यात तो गेला. कुणी म्हणे मुंबईला, कुणी म्हणे आफ्रिकेत.
पत्र एकच आलं, त्यात एकच प्रश्न:
ईशान्य कोपऱ्यातली भेग वाढली का?
अब्बांनी दोरा लावून मापली. वाढली नव्हती.
हे इंग्रजीत कुणाकडून लिहून घ्यावं
ह्यात दोन वर्षं गेली,
आणि पाकिटावरचा पत्ता वाळवीनं खाल्ला.

आता दवाखाना बायपासला गेलाय.
इथं मतदानाची यंत्रं, तुरीची पोती, जप्तीतल्या सायकली.
नवा अभियंता म्हणतो, खिडक्या तीन फूट वर उचला,
चोर आत येईल.
फाईल माझ्या टेबलावर, निवृत्तीला चार महिने.

काल किल्ली घेऊन गेले.
तिसऱ्या खोलीत दोन पोत्यांच्या मधे
रुमाल अंथरला आणि आडवी झाले.
लिंबाचा शेंडा. त्यात अडकलेला पतंगाचा सांगाडा.
वायर एक. बाकी सगळं रिकामं,
मोजून ठेवलेलं.

चौकीदार धावत आला, मॅडम, चक्कर आली का? पाणी आणू?
म्हटलं, काही नको.
जरा बाजूला सरक,
मधे येतोयस.